पहिली क्रूझर निवडताना

क्रूझरच्या, म्हणजे ऐसपैस बसून चालवायच्या ठेंगण्या मोटरसायकलच्या, देखणेपणावर भाळून तुम्ही निर्णय घेणार असाल, तर त्यात गैर काही नाही; अशी गाडी माणूस आधी डोळ्यांनीच पसंत करतो. मात्र ठेंगणी सीट आणि पुढे सरकवलेले फूटपेग (पाय ठेवण्याचे दांडे) यांचा संबंध केवळ रूपाशी नसतो. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की फूटपेगवर उभे राहून धक्का पायांवर झेलणे अवघड जाते आणि तो थेट कमरेत बसतो. म्हणून शोरूमभोवतीच्या पाच मिनिटांच्या चकरेवर विसंबू नका. शक्य असल्यास तासभर, तेही मागे कोणाला बसवून, गाडी चालवून पाहा.

रॉयल एनफील्ड मीटिओर ३५० ची शक्ती सुमारे २० बीएचपी (अश्वशक्ती) आहे, आणि हा आकडा ऐकून अनेक जण नाक मुरडतात. मला ते अन्यायाचे वाटते, कारण २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ४,००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांनाच) मिळत असल्याने सारखे गिअर न बदलताही गाडी निवांत ओढते. शंभरच्या वेगाने ओव्हरटेक करताना मात्र ती दमते, हे खरे.

सुपर मीटिओर ६५० ही उणीव भरून काढते. पण तिचे वजन २४१ किलो आहे. ७४० मिलिमीटर उंचीच्या सीटमुळे पाय सहज टेकतात, तरी उतारावर उभी केलेली ती गाडी मागे ढकलण्याचा प्रयोग खरेदीपूर्वी अवश्य करा.