"मॅडम, याचं मोबाईलचं वेड घालवा"

समुपदेशनाला येणाऱ्या आयांची ही तक्रार मला नवी नाही. हडपसरहून आलेल्या काकू मात्र तेवीस-चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलाबद्दल बोलत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा घरोघरी जेवण पोचवतो. जेवताना फोन ताटाशेजारी, रात्री दोनला दचकून उठतो, "वाजला का गं?" म्हणतो. वाजलेला नसतो.

तो आला, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. फोन टेबलावर पालथा ठेवायला सांगितलं, तर दर मिनिटाला बोटं तिकडे सरकत होती.

मला हे व्यसन वाटलं नाही. गिरणीचा भोंगा निदान ठरल्या वेळी व्हायचा; याचा भोंगा कधीही होतो. काही सेकंदांत ऑर्डर घ्यायची, ठरलेला आकडा गाठला तर वर इन्सेन्टिव्ह. "दोनच राहिल्या होत्या मॅडम, घरी कसा येऊ?" नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात असे ७७ लाख गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीऐवजी मिळेल तसं सुटं काम करणारे, धरले होते. एवढ्यांना एकदम वेड लागत नसतं, हे मी काकूंना सांगितलं.

"दिवसभरात पाणी किती पितोस?"

तो हसला. "प्यायलं की जायचं कुठं? हॉटेलवाले बाथरूम वापरू देत नाहीत." लघवीला जळजळ होते, कंबर धरते. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. आधी डॉक्टरकडे पाठवलं. माझं काम त्यानंतरचं.

पुढच्या भेटीत वही काढली. रात्री दहानंतरचे अडीच तास, दोन ऑर्डरींचे ७० रुपये, इन्सेन्टिव्ह १५०. त्यातून पेट्रोल ६०, चहा-वडापाव-सिगारेट ५०. उरले ११०. म्हणजे तासाला ४४. आकड्याखाली त्यानं स्वतःच दोनदा रेघ मारली. शनिवार-रविवारचं गणित मात्र त्याच्या बाजूनं निघालं, तेही मी मान्य केलं.

आता आठवड्यातले पाच दिवस तो दहाला ॲप बंद करतो. डिकीत पाण्याची बाटली असते, आणि वाटेवरचे दोन पेट्रोल पंप त्यानं हेरून ठेवलेत, तिथं जाऊ देतात. झोप सुधारली, कंबर अजून तशीच आहे. परवा रेटिंग घसरलं, तेव्हा साडेअकराला मला फोन केला. दहाला बंद केलेलं ॲप पुन्हा उघडलं होतं, हेही त्यानंच सांगितलं.