शनिवारची फौंड्री

फुलेवाडीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. तिचे सर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीला, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याला, सल्ला देतात आणि दर शनिवारी चार विद्यार्थ्यांना सोबत नेतात. पोरगी कपडे काळे करून घरी येते, हातात रुपया नाही. सर फुकटात राबवून घेतायत का, असं ते विचारतात.

नमस्कार. तुमची शंका रास्त आहे. मी शिकत असताना आमच्या एका सरांनी स्वतःच्या खासगी कामाची ड्रॉइंग आमच्याकडून तीन महिने ट्रेस करून घेतली होती. इमारत कुणाची, कुठे, काही कळलं नाही. अक्षर तेवढं सुधारलं.

म्हणून आधी लेकीलाच विचारा, शनिवारी काय केलंस? "रिजेक्ट कास्टिंग मोजली", म्हणजे नापास झालेले ओतीव भाग मोजले, म्हणाली, तर लगेच भडकू नका. मोजून काय निघालं, ते विचारा. समजा, दुसऱ्या पाळीच्या मालात ब्लो होल, म्हणजे आतल्या पोकळ्या, जास्त आहेत. मग संशय साच्याच्या वाळूवर जातो. वाळूत पाणी जास्त झालं की ओतलेल्या लोखंडाच्या तापानं त्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसली की ती कास्टिंगमध्येच पोकळी करून बसते. पुस्तकात हे दोन ओळींत आटोपतं. पण सर साचे करणाऱ्या मोल्डरला काय विचारतात, रिजेक्शनचा हिशेब मागणाऱ्या मालकाला कसं तोंड देतात, पहिला अंदाज चुकला की काय करतात, हे वर्गात कुठून दिसणार? ही बोलणी चालू असताना पोरगी तिथं उभी असते ना? मग जाऊ द्या. सर केबिनमध्ये चहा पितायत आणि पोरं ढिगाऱ्यावर, असं असेल तर ती हमालीच.

पैशाचं म्हणाल तर सरांना फी मिळत असेल, तर मुलांचा जाण्यायेण्याचा खर्च त्यातून निघायला हरकत नाही. रिपोर्टात मुलांची नावं यावीत आणि हे काम प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप म्हणून धरलं जाईल का, तेही आत्ताच कळावं. हे तिनं स्वतः सरांना विचारायचं, तुम्ही फोन करायचा नाही. आणि कारखान्यातले फोटो स्टेटसला टाकू नकोस म्हणावं. पार्टच्या डिझाइनवर हक्क गिऱ्हाइकाचा असतो.

सेफ्टी शूज आणि गॉगल मात्र येत्या शनिवारच्या आत घ्या. 1400 अंशांच्या आसपासचं लोखंड ओल्या जमिनीवर सांडलं तर उसळतं. तिथं चप्पल चालत नाही, कोल्हापुरी असली तरी.