अम्मांचे ‘घर’ कोणते?

प्रश्न : माझे माहेर सातपूरचे, मराठी, सासर देवळाली कॅम्पातील सिंधी कुटुंबाचे. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, ८७ वर्षांच्या आहेत. फाळणीनंतर लहान वयात त्या सिंधमधील हैदराबादहून कराचीला, तेथून बोटीने मुंबईला आणि पुढे देवळालीच्या छावणीत आल्या. गेल्या वर्षी कॅम्पातील घर बंद करून आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी बाल्कनीत उभ्या राहून ‘घरी चला’ म्हणतात. एका रविवारी त्यांना कॅम्पात नेले, कुलूप काढले. तासभर ओट्यावर बसून त्या पुन्हा म्हणाल्या, ‘आता घरी चला.’ माझ्या यजमानांना ते फार लागले, कारण त्यांचा जन्मच त्या घरातला. मधूनच अम्मा ‘मंघ’ असा काही शब्द बोलतात, तो ना यजमानांना कळतो ना माझ्या मुलीला. हा विस्मरणाचा आजार समजावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : संध्याकाळी गोंधळ वाढणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण असू शकते, तेव्हा डॉक्टरांची तपासणी टाळू नका. पण आजार निघाला तरी अम्मांचे म्हणणे निरर्थक ठरत नाही, आणि याची खूण तुम्हाला न कळलेल्या त्या शब्दातच आहे.

मंघ म्हणजे हैदराबादच्या घरांवर बांधलेले वारा पकडणारे झरोके. उन्हाळ्यात तेथे वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून साऱ्या मंघांची तोंडे त्याच दिशेला असत आणि गच्चीवर अडवलेला वारा थेट खालच्या खोल्यांत उतरत असे. अम्मा बाल्कनीत कोणत्या दिशेला तोंड करून उभ्या राहतात, हे एकदा पाहा.

पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सीमेच्या अलीकडे आलेल्या सिंधी माणसाला आपली भाषा रस्त्यावर ऐकू येईल असा एकही प्रांत उरला नाही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे अम्मांच्या वडिलांनी ज्या मुंबईला आपल्या इलाख्याची राजधानी म्हणून ओळखले असेल, तेथेच ते निर्वासित म्हणून उतरले. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर तर बोटींवर जागा मिळणे कठीण झाले होते. देवळालीचाही योगायोग पाहा : मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक येथे महिनोन्‌महिने खोळंबत, आणि त्यातून डोके फिरण्याला इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला. त्यांचे जहाज उशिरा का होईना, येत असे.

आता यजमानांविषयी, कारण मला पत्रात अधिक दुखावलेले तेच दिसतात. अम्मांनी कॅम्पातले घर नाकारले असे त्यांना वाटते. माझ्या मते तसे नाही. ज्या बाईने त्या घरात मुले वाढवली, तिने ते घर मानलेच होते, फक्त त्याखाली आणखी एक घर होते आणि वरचे बंद झाल्यावर ते उघडे पडले. शिवाय ते कुलूप यजमानांनी स्वतःच्या हाताने लावले आहे. त्यांनाही ते घर आठवत असेल, पण आईपुढे तसे म्हणण्याची सोय त्यांना राहिलेली नाही.

‘अम्मा, हेच आता आपले घर’ असे समजावू नका. त्यांना ते ठाऊक आहे, आणि त्या वाक्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही. हैदराबादला जाणे आजच्या परिस्थितीत शक्य नाही, तेव्हा तसे आश्वासनही देऊ नका. त्याऐवजी मुलीला कागद-पेन्सिल घेऊन आजीजवळ बसवा आणि ते घर काढायला सांगा. अम्मा सिंधी शब्द बोलतील, ते तिने देवनागरीतच लिहावेत. श्वास आत ओढून उच्चारायच्या सिंधीतील ग, ज, ड, ब या ध्वनींसाठी अक्षराखाली रेघ देतात, एवढे शिकायला तिला एक दुपार पुरेल. चित्र मात्र दारापासून सुरू करू नका, गच्चीपासून करा. आणि शेजारच्या कोऱ्या कागदावर यजमानांना कॅम्पातले घर काढू द्या.