वाचकांचे प्रश्न : सोळा घरांतला मावळा

या वेळी निवडलेली चारही पत्रे पिक्सेल आर्टविषयी, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर एकेक चौकोनी घर भरून चित्र काढण्याच्या कलेविषयी आहेत. त्यांपैकी दुसऱ्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण नवशिक्याच्या बहुतेक अडचणी त्या एका पत्रात एकत्र आल्या आहेत.

प्रश्न : मला चित्रकला येत नाही, शाळेतही माणसाचे चित्र काढताना माझा हात थरथरत असे. ठिपक्यांची रांगोळी मात्र मी उत्तम काढते. मला पिक्सेल आर्ट शिकता येईल का आणि रांगोळीचा त्यात काही उपयोग होईल का? (एक गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : अवश्य शिकता येईल. या कलेत रेघ हाताच्या लयीवर अवलंबून नसते. कोणते घर भरायचे आणि कोणते रिकामे सोडायचे हा निर्णय शांतपणे, पुन्हा पुन्हा बदलून घेता येतो, त्यामुळे थरथरणाऱ्या हाताची भीती बाळगण्याचे कारण नाही. रांगोळीमुळे आपल्याला मोजून काम करण्याची आणि समतोल ओळखण्याची सवय लागली आहे, तिचा उपयोग होईलच. परंतु रांगोळीत ठिपके हे रेषेचे आधार असतात, तर येथे ठिपका हेच चित्र असते. या दृष्टीने पिक्सेल आर्टचे खरे नाते मोजून घातलेल्या फुलीच्या टाक्यांच्या भरतकामाशी आहे. आपण कधी तसा रुमाल भरला असेल, तर निम्मे शिक्षण झालेच आहे असे समजावे. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकावरील चिन्हे काढणाऱ्या सुझन केर यांनीही सुरुवात चौकटींच्या वहीतच केली होती. ३२ बाय ३२ घरांत, केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत काढलेल्या त्या चिन्हांची तुलना त्यांनी स्वतः भरतकामाशी आणि मोझेकशी केली आहे.

आपणही गणिताची चौकटींची वही घेऊन १६ बाय १६ घरांत पेला, कंदील, छत्री, हापूस आंबा अशा वस्तू काढाव्यात. माणूस नंतर. वस्तू ओळखू आली की नाही, हे घरातल्या एखाद्या लहान मुलाला विचारावे, कारण मोठी माणसे भिडेखातर होकार देतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर एक छोटा गेम तयार करत असून त्याचा नायक शिवकाळातील मावळा आहे. कागदावर त्याचे चित्र चांगले जमले, पण ते संगणकावर लहान करून ३२ बाय ३२ केले तेव्हा सगळा चिखल झाला, आणि १६ बाय १६ मध्ये तर तो कोण आहे हेच कळेना. माझे काय चुकते? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : मोठे चित्र आकसून पिक्सेल आर्ट तयार होते, ही समजूत चुकली आहे. चित्र लहान करताना संगणक शेजारच्या रंगांची सरासरी काढतो आणि त्या सरासरीत डोळा, मिशी, तलवारीची धार असे जे जे बारीक पण महत्त्वाचे असते तेच आधी नाहीसे होते. १६ बाय १६ म्हणजे अवघी २५६ घरे. त्यांत काय ठेवायचे याचा निर्णय माणसानेच घ्यावा लागतो, म्हणून कागदावरचे चित्र समोर ठेवावे, पण काम रिकाम्या चौकटीपासून सुरू करावे.

या निर्णयाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८१ सालचे आहे. जपानच्या शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ या गेमसाठी जे पात्र रचले आणि जे पुढे मारिओ या नावाने जगभर पोहोचले, त्याची टोपी, मिशी आणि पाटलोणीचे पट्टे हे सारे अडचणीतून आले आहे. इतक्या कमी घरांत केस काढणे आणि उडीबरोबर ते हलवणे कठीण, म्हणून टोपी आली. तोंड काढायला जागा नाही आणि नाक तर दिसले पाहिजे, म्हणून मिशी आली. हात धडापासून वेगळा दिसावा, म्हणून सदरा आणि पाटलोण निराळ्या रंगांची झाली. पात्ररचना म्हणजे पात्राचा पूर्वेतिहास लिहून काढणे असे पुष्कळ नवशिके मानतात आणि पानेच्या पाने भरतात. त्यात वाईट काही नाही, परंतु जी गोष्ट घरांत उतरत नाही ती पाहणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

आता आपला मावळा घेऊ. त्याच्याजवळ मुंडासे, मिशी, पाठीवरची गोल ढाल आणि तलवार अशा चार ठळक खुणा आयत्याच आहेत, आणि इतकी अनुकूल वेशभूषा फार थोड्या पात्रांना लाभते. उंचीची १६ घरे अशी वाटून पाहावीत : मुंडाशाला ४, चेहऱ्याला ३, धडाला ५ आणि पायांना ४. खऱ्या माणसाचे डोके उंचीच्या साधारण सातव्या-आठव्या भागाएवढे असते, येथे ते मुंडाशासह निम्म्याच्या जवळ जाते. पण ओळख चेहऱ्यावर असल्यामुळे हा अतिरेक डोळ्याला खटकत नाही. मुंडासे चेहऱ्यापेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक घर रुंद असावे. चेहऱ्याच्या तीन ओळींपैकी पहिलीत डोळे, दुसरी मोकळी आणि तिसरीत चार घरांची गडद मिशी. तोंड काढूच नये. ढाल खांद्यामागून दोन-तीन घरे बाहेर डोकावली की पुरे. तिच्यावर पितळी फुले बहुधा चार असतात, येथे एकच पिवळे घर ठेवावे. अंगरख्याच्या घड्या, दाढीचे खुंट आणि कमरेच्या कट्यारीची नक्षी यांचा मोह सोडावा. मात्र कमरेच्या शेल्याची एक आडवी लाल ओळ अवश्य राखावी, कारण तीच धड आणि पाय वेगळे करते.

रंग भरण्यापूर्वी संपूर्ण आकृती काळ्या रंगाने भरून पाहावी. त्या छायाकृतीवरून तो मावळा आहे हे कळत नसेल, तर नंतर कितीही रंग चढवले तरी उपयोग होत नाही. अशा वेळी तलवार धडावरून न नेता शरीरापासून दूर, मोकळ्या जागेत न्यावी. चौकोनी घरांत तिरपी रेघ पायऱ्यापायऱ्यांचीच होते, म्हणून ती तिरपी काढताना प्रत्येक पायरी एका घराची किंवा प्रत्येक पायरी दोन घरांची ठेवावी. पायऱ्यांची लांबी ३, १, ३, २ अशी वेडीवाकडी झाली की रेघ मोडल्यासारखी दिसते, तर ढालीच्या कडेसारख्या वळणात ती ४, २, १, १, २, ४ अशी क्रमाने कमी होऊन पुन्हा वाढली की तेच वळण गोल भासते. मला विचाराल तर नवशिक्याच्या चित्रातील निम्मा ओबडधोबडपणा या पायऱ्या नुसत्या मोजल्याने जातो.

रंग आठांपेक्षा अधिक घेऊ नयेत. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर एका हलत्या तुकड्याला पारदर्शक जागा सोडून तीनच रंग मिळत, हे लक्षात घेतले तर आठ रंग चैनीचेच म्हणावे लागतील. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे आधी ठरवावे, समजा डावीकडून वरून, आणि सावली फक्त उजवीकडे व खाली द्यावी. ते न ठरवता चारी कडा गडद आणि मध्यभाग उजळ केला, तर मावळा उशीसारखा फुगलेला दिसतो. तसेच सावलीसाठी मूळ रंगात नुसता काळा मिसळू नये. भगव्याची सावली तांबूस-जांभळ्याकडे आणि उजळ बाजू पिवळ्याकडे झुकवली की थोड्या रंगांतही चित्र जिवंत राहते. मुंडाशाच्या सावलीचाच रंग शेल्याला वापरावा, म्हणजे एक रंग वाचतो आणि पोशाखात मेळही बसतो.

प्रश्न : माझे चित्र संगणकावर स्वच्छ दिसते, पण मोठे केले किंवा मित्रांना पाठवले की धूसर होते. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. धूसरपणाचे कारण सॉफ्टवेअरच्या किमतीत नसून त्याच्या सेटिंगमध्ये आहे. चित्र मोठे करताना ‘निअरेस्ट नेबर’ हा, म्हणजे रंग न मिसळता घरे आहेत तशीच मोठी करणारा, पर्याय निवडावा आणि दुप्पट, चौपट, दहापट अशा पूर्ण पटींतच वाढवावे. दीडपट केल्यास काही घरे रुंद आणि काही अरुंद होतात. काढताना ब्रशऐवजी एका घराची पेन्सिल वापरावी, कारण ब्रश कडेला आपण न निवडलेले मधले रंग सोडतो. फाइल जेपीजीऐवजी पीएनजीमध्ये साठवावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अन्यथा तिथे आकार कमी करण्यासाठी ती दाबली जाते आणि चित्र बिघडते. ब्राउझरमध्ये चालणारे पिस्केल आणि संगणकावर चालणारे लिब्रेस्प्राइट ही दोन्ही विनामूल्य आहेत. एस्प्राइट विकत घ्यावे लागते आणि ते चांगलेही आहे, पण पहिले सहा महिने त्यावाचून काही अडत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. माझे पात्र चालते, पण बर्फावरून घसरल्यासारखे दिसते. काय करू? (एक विद्यार्थिनी, बारामती)

उत्तर : तुझ्या पात्राचा पाय आणि त्याचा वेग यांचा हिशेब जुळत नाही. जमिनीला टेकलेला पाय एका चित्रातून दुसऱ्या चित्रात दोन घरे मागे जात असेल, तर पात्रही तेवढ्या वेळात नेमके दोनच घरे पुढे सरकले पाहिजे; ते तीन सरकले की पाय घसरतो. चालण्यासाठी चार चित्रे पुरतात : डावा पाय पुढे, दोन्ही पाय जवळ, उजवा पाय पुढे, पुन्हा दोन्ही जवळ. पाय जवळ येतात त्या दोन चित्रांत संपूर्ण शरीर एक घर वर उचलावे, कारण माणूस चालताना त्याच क्षणी उंच होतो. हे अवघड वाटले, तर आधी नुसते उभे असलेले पात्र घे आणि दुसऱ्या चित्रात त्याचे डोके व खांदे एक घर खाली आण, पाय मात्र हलवू नकोस. ही दोन चित्रे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने आलटूनपालटून दाखव, म्हणजे ते श्वास घेताना दिसेल.