मिठागरातला प्रश्न

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सूक्ष्मजीवांवर काम करायचंय, पण घरी सगळे ‘याचा उपयोग काय?’ म्हणून विचारतात, असं तू लिहिलंयस. शिवाय माणसाची जनुकं बदलणं कितपत योग्य, अशी शंकाही काढलीयस.

स्पेनमध्ये सांता पोलाची मिठागरं आहेत. तिथल्या खारट पाण्यात जगणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या डीएनएत फ्रान्सिस्को मोहिका या शास्त्रज्ञांना तेच तुकडे ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा दिसले. १९९३ साली त्यांनी ते छापलं. का, ते कळेना. पण प्रश्न काही त्यांनी सोडला नाही. दहा वर्षांनी उलगडलं: मधले तुकडे विषाणूंचे होते, म्हणजे पूर्वी भेटलेल्या शत्रूची ओळख जपलेली! नामांकित नियतकालिकांनी या शोधाचा निबंध परत पाठवला. छापून यायला २००५ उजाडलं. सूक्ष्मजीवांच्या त्याच बचावयंत्रणेतून, म्हणजे ‘क्रिस्पर’मधून, २०१२ मध्ये डाउडना आणि शार्पेंटिए या शास्त्रज्ञांनी हवा तिथे डीएनए कापण्याची कात्री घडवली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने तिच्यावर आधारलेल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या उपचाराला मान्यता दिली. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडे सांधे धरून कण्हणारी मुलं ज्याने पाहिलीत, त्याला याचं मोल सांगावं लागत नाही. मात्र अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. ही मुलं तिथवर कशी पोहोचणार, हाही मला विज्ञानाचाच प्रश्न वाटतो.

आता तुझी दुसरी शंका, जनुकं बदलण्याची. सिकलसेलमध्ये रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून बदलतात. तो ‘नको’ म्हणू शकतो, आणि बदल त्याच्या मुलांत उतरत नाही. २०१८ मध्ये चीनमधल्या एका संशोधकाने याच कात्रीने भ्रूणांची जनुकं बदलली आणि जुळ्या मुली जन्मल्या. वडिलांना एचआयव्ही होता, तो मुलींना होऊ नये म्हणून हा बदल; पण बाळाला लागण होऊ न देण्याचे साधे, रुळलेले उपाय हाताशी होते. मुलींना कोणताच आजार नव्हता. त्यांना कुणी विचारलं नाही, विचारता येणारही नव्हतं. आणि तो बदल त्यांच्या लेकरांपर्यंत जाऊ शकतो. त्या माणसाला तीन वर्षांची कैद झाली. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की त्याला घाई होती. मोहिका दहा वर्षं थांबले होते.

संशोधनाच्या अर्जात ‘उपयोग’ असा रकाना येईलच. तिथे खोटी आश्वासनं लिहू नकोस. आज माहीत नाही, असं लिहायला धीर लागतो, तो कर. पुढच्या पत्रात मात्र तुला तुझ्या सूक्ष्मजीवांत नेमकं काय खटकलं, ते सविस्तर लिही. मी वाट बघतोय.