वर्ड्‌स्वर्थची संध्याकाळ वाचताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. ‘रोमँटिक कवींना निसर्गात देव दिसतो’ हे तुझे विधान खोटे नाही. पण ते वर्ड्‌स्वर्थ, कोलरिज अशा कोणालाही लावता येते, आणि म्हणूनच त्यातून एकाही कवितेबद्दल काही कळत नाही. त्यापेक्षा धार्मिक प्रतिमा कोणत्या विधीतून किंवा ग्रंथातून आली आणि कवितेत येऊन तिने कोणते काम केले, एवढेच आधी पाहावेस.

तू निवडलेले वर्ड्‌स्वर्थचे ‘इट इज अ ब्यूटियस ईव्हनिंग’ हे सुनीतच (चौदा ओळींची कविता) घे, ज्यात कवी समुद्रकिनारी एका मुलीबरोबर संध्याकाळ अनुभवतो. १८०२च्या ऑगस्टमध्ये वर्ड्‌स्वर्थ फ्रान्समधील कॅले येथे आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, कॅरोलिनला भेटला. कवितेतील मूल तीच, असे सामान्यतः मानले जाते. संध्याकाळची ती पवित्र वेळ, भक्तीने श्वास रोखून बसलेल्या ननसारखी शांत आहे, असे तो म्हणतो. नन कॅथलिक, कवी प्रॉटेस्टंट इंग्रज, आणि किनारा त्या देशाचा, जिथे क्रांतीने दहाच वर्षांपूर्वी मठ बंद पाडले होते. यामागे हेतू होता की नाही हे मी ठरवणार नाही, पण तुझ्या निबंधात याची नोंद हवी होती. इथे उपमा आहे, म्हणजे संध्याकाळ आणि नन जवळ येऊनही वेगळ्याच राहतात. समुद्राच्या आवाजालाही मेघगर्जनेची उपमाच मिळते.

मुलीकडे वळताच मात्र ‘सारखे’ गळून पडते. ती गंभीर विचारांनी भारावलेली दिसत नाही, तरी ती वर्षभर अब्राहमच्या कुशीत असते आणि मंदिराच्या अंतर्गृहात उपासना करते, असे कवी सरळ म्हणतो. बायबलमधील ल्यूकच्या शुभवर्तमानात अब्राहमची, म्हणजे यहुद्यांच्या आदिपुरुषाची, कुशी दरिद्री लाझराला मृत्यूनंतर लाभते; इथे ती एका जिवंत पोरीला मिळाली आहे. यहुद्यांच्या यरुशलेममधील मंदिराच्या या अंतर्गृहात, परमपवित्र स्थानात, एकटा महायाजक (मुख्य पुरोहित) वर्षातून एकाच दिवशी प्रवेश करी. त्या पार्श्वभूमीवर आदल्या ओळीतले ‘वर्षभर’ किती धीट आहे, ते पाहा. (आपल्या देवळातला गाभारा इथे डोळ्यांसमोर आणू नकोस, त्या दालनात मूर्ती नसे.) प्रौढाला पावित्र्यापर्यंत उपमेच्या आधाराने जावे लागते, मूल तिथे आधीपासूनच आहे, माझ्या मते सुनीताचा सारा युक्तिवाद अलंकारांच्या या बदलात आहे, आणि तू तो ‘भक्तिभाव’ या एका शब्दात गुंडाळलास.

आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याचे खोरे म्हणजे शामोनी; कोलरिजच्या शामोनीवरील स्तोत्रावर फार वेळ घालवू नकोस. तो तिथे कधी गेलाच नव्हता आणि त्याने फ्रीडरिके ब्रुन या कवयित्रीच्या जर्मन कवितेचा भरपूर आधार घेतला होता. शेली या दुसऱ्या रोमँटिक कवीकडे मात्र जरूर वळ. नास्तिकतेवरील पुस्तिकेच्या प्रकरणात १८११मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकलेला हा कवी १८१६मध्ये त्याच माँ ब्लाँवर लिहितो, तेव्हा धबधब्याचा पडदा एका न घडवलेल्या मूर्तीवर वस्त्रासारखा पांघरला जातो. देवळाची सामग्री सगळी आहे, मूर्ती तेवढी कोरलेली नाही. निबंधाचा दुसरा भाग या मूर्तीपासून सुरू करून पुन्हा लिही आणि पाठव.

तुझा,
सर