बुरशी लागलेले शेंगदाणे धुऊन, भाजून वापरले तर चालतात का?

नाही, टाकून द्या. पेनिसिलिनही बुरशीचंच ना, असं तुम्ही विचारलंय. बुरशी औषधं देते हे खरं. कोलेस्टेरॉलवरचं लोव्हास्टॅटिन तर अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीतून मिळालं. पण दाण्यांवर येते ती बहुधा तिची भावकीतली अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. धुतल्यानं बुरशी दिसेनाशी होते, विष दाण्याच्या आत राहतं. भाजल्यावर थोडं कमी होतं, जात नाही.

हे विष 1960 साली इंग्लंडमध्ये लक्षात आलं. ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका असतो, हिपॅटायटिस बी झालेल्यांना जास्तच.

दाणे निवडताना हिरवट-पिवळी बुरशी दिसली, दाणा चिमलेला किंवा काळपट असला, तर बाजूला काढा. खाताना कडू लागला तर थुंकून टाका. असे दाणे कुटात ढकलू नका. कुटात एकदा मिसळले की ओळखू येत नाहीत. गुरांनाही घालू नका, विष दुधात उतरतं. घाण्यावर तेलाला देत असाल तर तेही नको, कारण न रिफाइन केलेल्या तेलात ते येऊ शकतं. शेंगा साठवायच्या तर हलवल्यावर आत दाणा खुळखुळेपर्यंत वाळवा.